वऱ्हाड नको, नवरदेव धाडा

वडसा, आरमोरी, मूल, चामोर्शी, आलापल्ली. गाव कोणतंही घ्या, बसस्टँडच्या आसपास भाऊचं दुकान असतंच. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि लॅपटॉप दुरुस्ती. दुकान वडशाचं असेल तर दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरंही. मालकाचं नाव काहीही असो, गाव त्याला भाऊ म्हणतं.

भाऊचं खरं कसब एकच : कंपनीचं सॉफ्टवेअर न टाकता वाय-फाय चालू करणं. कोणीतरी लॅपटॉप फॉरमॅट मारून दिलेला असतो. विंडोज नवीकोरी, पण वाय-फायचं चिन्हच गायब. ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे आणि नेट यायला ड्रायव्हर पाहिजे. अशा वेळी शहरातला माणूस नेटची केबल जोडून मोकळा होतो. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतले गुरुजी लॅपटॉप पिशवीत घालून आलापल्लीची बस धरतात.

“कोनतं कार्ड हाय जी?” भाऊचा पहिला प्रश्न. गुरुजी लॅपटॉपच्या कंपनीचं नाव सांगतात. भाऊ कीव आल्यासारखा हसतो. झाकणावरचं नाव वाचून ड्रायव्हर शोधणारा त्याच्या लेखी अडाणीच, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघू शकतात. तो डिव्हाइस मॅनेजर उघडतो, पिवळ्या उद्गारचिन्हावर जातो आणि हार्डवेअर आयडी वाचतो. ‘व्हेन’पुढे १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. इंटेलने १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचा नंबर हाच, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाइकाला त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

कंपनीचा सेटअप तो पूर्ण बसू म्हणून देत नाही. “ह्याच्यात नवरदेव येकच हाय जी,” तो म्हणतो, “बाकी सारं वऱ्हाड. येक कनेक्शन मॅनेजर, येक अपडेटर, आन् घडीघडी कोपऱ्यात येऊन ‘रजिस्टर करा’ म्हननारी आत्या. सारे जेवतेत आन् रॅमवरच झोपतेत. आपल्याले नवरदेव पायजे, वऱ्हाड कायले?”

नवरदेव बाहेर काढायची त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. शक्य असेल तर सेव्हन-झिपने तो सेटअप सरळ उसवतो. काही सेटअप झिपला दाद देत नाहीत. ते तो चालू करतो, सारं सामान टेम्प फोल्डरात उतरू देतो, आणि पडद्यावर ‘अटी मान्य आहेत का?’ हा प्रश्न येईपर्यंत भाऊने फोल्डर उचललेला असतो. मग कॅन्सल. अटी नाकारल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ टिकतो. फोल्डरात कामाच्या फाइली मोजक्याच : एसवायएस हा खरा ड्रायव्हर, आयएनएफ ही कोणत्या कार्डाला काय लावायचं ते सांगणारी साधी मजकुराची फाइल, आणि कॅट म्हणजे सही. कधी सोबत एखादी फर्मवेअरची फाइल. ‘हॅव डिस्क’ म्हणून विंडोजला आयएनएफ दाखवली की काम झालं. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडते म्हणून तिच्यात हात घालायचा मोह अनेकांना होतो. भाऊ ओरडतो, “सही मोडते ना बापा!” आणि ते खरं आहे. चौसष्ट बिटच्या विंडोजला सहीशिवायचा ड्रायव्हर चालत नाही.

कंपनीच्या सॉफ्टवेअरशी त्याचं हे वैर विंडोज एक्सपीच्या काळातलं. तेव्हा विंडोज आपलं वाय-फाय स्वतः सांभाळायची आणि कार्डाच्या कंपनीचा मॅनेजरही ते सांभाळायचा. एका कार्डावर दोन कारभारी. एक जोडायचा, दुसरा तोडायचा, आणि गिऱ्हाईक टॉवरला शिव्या द्यायचं. भाऊने तेव्हाच ठरवलं, बाहेरचा कारभारी नको. लिनक्सवाले तर त्याच्याही पुढे गेले होते. एनडीआयएसरॅपर काढून ते विंडोजच्याच आयएनएफ आणि एसवायएस उचलून आपल्याकडे चालवत. हे मी त्याला सांगितलं तेव्हा दूर कुठेतरी आपले सोयरे निघावेत तसा तो खुलला.

पण ही नुसती तत्त्वाची गोष्ट नाही, इथली गरज आहे. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही बहुतांश जंगलच आहे. जिथे फोनची एक कांडी दिसायला माणूस टेकाड चढतो तिथे शेदोनशे एमबीचा सेटअप उतरवणार कोण? काही एमबीचा फोल्डर मात्र पेनड्राइव्हवर मावतो. भाऊच्या पेनड्राइव्हवर ‘वायफाय’, ‘वायफाय नवीन’, ‘वायफाय नवीन २’, ‘फायनल’ आणि ‘नक्की चालनारा’ असे फोल्डर आहेत. चालतो तो बहुधा ‘वायफाय’मधला.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की भामरागड तुटतं आणि भाऊ फोनवरून ड्रायव्हर बसवतो.

“पिवळं दिसते का जी?”

“दिसते.”

“त्याच्यावर राइट क्लिक मारा.”

“मारलं. आता सारंच दिसते.”

“सारं नका पाहू! डिटेल्स पाहा.”

इथे फोन कटतो. दोन दिवसांनी लागला तरी भाऊ “हं, डिटेल्स” इथूनच पुढे सुरू करतो. अगदी निकड असेल तर तो मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडायला लावतो. यूएसबी टिथरिंगला वाय-फाय कार्ड लागत नाही. मात्र विंडोज अपडेट सगळा डेटा पिऊन टाकेल या धास्तीने तो आधी कनेक्शन ‘मीटर्ड’ करवतो. त्याच्याइतका अपडेटला भिणारा माणूस मी पाहिलेला नाही.

त्याची चूक होत नाही असं नाही. वऱ्हाड हाकलताना कधीकधी कामाचा माणूसही जातो. त्याच कार्डातलं ब्लूटूथ उपाशी राहतं, किंवा कीबोर्डवरचं वाय-फायचं बटण मुकं होतं, कारण ते कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत असतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. “बंद कायले करता पन?” भाऊ विचारतो. “चालू झालं ना? मंग चालूच ठेवा.” याला उत्तर नाही.

एवढा काटकसरीचा माणूस बोलण्यात मात्र पूर्ण कंपनी. ड्रायव्हर पाच मिनिटांत बसतो. पुढे चहा, धान खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीचा घोळ, वडशाच्या कंपनीचं यंदाचं नाटक, त्यातल्या खलनायकाची भावाच्या सासुरवाडीशी सोयरीक, आणि पुन्हा ८०८६. यातलं काहीही वगळून नुसता ड्रायव्हर घ्यायची सोय त्याच्या दुकानात नाही. डोंगलसोबत येणाऱ्या छोट्या सीड्या तो धानाच्या बांधीत पाखरं हाकलायला टांगतो, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर तिथेच खरं उपयोगी पडतं असं सांगायला आणखी पंधरा मिनिटं घेतो.

तुम्हाला ही वारी टाळायची असेल तर उपाय सोपा आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये पीएनपीयूटिल नावाची आज्ञा असते. बाहेरून बसवलेले ड्रायव्हर ती एका फोल्डरात काढून देते, वऱ्हाडाशिवाय. फॉरमॅट मारायच्या आधी ती चालवा आणि फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. भाऊच्या धंद्याची काळजी करू नका. हे तोही प्रत्येकाला सांगतो, आणि कोणी करत नाही हे त्याला ठाऊक आहे.