काकांची कॅप्सूल

"अगं, ऐकलंस का? आमचे हे आता जिमला जाणार म्हणे!"

"काका? परवाच तर वाफ्यात खुरपं उचलताना कंबर धरून बसले होते."

"त्या कुलकर्ण्यांच्या मुलानं भरवलंय डोक्यात. त्यानंच लायसिनच्या कॅप्सूल आणि बीसीएएची पावडर गळ्यात मारलीय. पहिला घोट घेतला आणि तोंड असं केलं, जणू पाडव्याचा कडुलिंब चावलाय."

"बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही अमिनो आम्लं, तिन्ही कडूच. पावडर स्वस्त पडते, पण चव लपत नाही. कॅप्सूलला चव नाही, पण पाच ग्रॅम पोटात जायला आठ-दहा गिळायच्या."

"मग कॅप्सूलच बऱ्या."

"कशाच्या आहेत ते वाचलंत? मागे 'झेलाटीने', म्हणजे जिलेटिन, लिहिलं असेल, तर ते बहुतेक गाईचं नाहीतर डुकराचं."

"अगं बाई! आणि हे संकष्टी करतात!"

"सेल्युलोजच्या मिळतात, त्या घ्यायच्या. आणि काकू, आकडा बघा. एक ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये लायसिन फक्त ८०० मिलिग्रॅम."

"सरकार बघत नाही का गं हे?"

"इथे जर्मनीत विकण्याआधी बीव्हीएल या अन्नसुरक्षेच्या खात्याला कळवायचं, बस्स. कायद्यानं हे अन्न, औषध नव्हे. गुण येतो का, हे कुणी आधी तपासत नाही. बीसीएएनं स्नायू वाढतात, असं डब्यावर छापायला मात्र युरोपात परवानगी नाही."

"तो मुलगा आर्जिनिनही आणून देणार होता."

"ते नकोच! त्यानं रक्तदाब उतरू शकतो, आणि काका बीपीची गोळी घेतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही."

"मग देऊ काय यांना?"

"मागरक्वार्क, तो बिनसायीचा चक्का. अर्ध्या किलोच्या डब्यात साठेक ग्रॅम प्रथिनं. पासष्टीनंतर किलोमागे एक ग्रॅम धरतात, काका सत्तर किलोचे. म्हणजे उरली दहा. तेवढी वरण-भातातून सहज निघतात. भातात लायसिन कमी, ते डाळ भरून काढते. आणि लायसिन पहिल्यांदा सापडलं तेसुद्धा दुधाच्या केसीनमध्येच. १८८९ साली, आपल्या लाइपझिगच्या ड्रेक्सेलला."

"क्वार्कचं तर मी श्रीखंड करते!"

"साखर जरा हात आखडून घाला."

"बघते. पण हे कुलकर्णीवहिनींच्या कानावर घालू नकोस हं. पावडरचा एकच घोट गेलाय, डबा त्यांच्याच मुलाला परत खपवायचाय मला."