नोकरी, एमएसएन आणि दोन पोरे : नंदुरबारच्या घरासाठी माहितीपत्र

ती. नाना व ती. आई यांस,

न्यू जर्सीत नोकरी सांभाळून नर्सिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी सून घरात असते, पण सापडेलच असे नाही. तिचे दिवस तीन प्रकारचे : ड्युटीचे, क्लिनिकलचे आणि 'आज सुट्टी आहे ना?' असे बाकीच्यांना वाटते ते. तिसरा प्रकार सर्वांत दमवणारा.

इथल्या इस्पितळात पाळी साधारण बारा तासांची असते आणि आठवड्याला तीन पाळ्या भरल्या की नोकरी पूर्णवेळ धरतात. हे ऐकून नंदुरबारात 'मग चार दिवस मोकळीच की' असा हिशेब निघतो. गणित बरोबर आहे. फक्त रात्रपाळी सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते, तेव्हा धाकट्याचा दिवस नुकता सुरू झालेला असतो. आई झोपली आहे, हे चार वर्षांच्या पोराच्या गळी उतरवणारे औषध फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात नाही. शोधून झाले आहे.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग झाली, इथली एनसीएलएक्स ही परवाना परीक्षा झाली, आता आणखी काय शिकायचे, हा नानांचा प्रश्न रास्त आहे. एमएसएन ही नर्सिंगची पदव्युत्तर पदवी घेऊन नर्स प्रॅक्टिशनर होता येते. असा प्रॅक्टिशनर रोग्याला तपासतो, निदान करतो, औषधही लिहून देतो. (ही डॉक्टरकी नव्हे, आणि पदवीही अजून मिळालेली नाही. शेजारच्या काकांनी गुडघ्याचे फोटो पाठवणे तूर्त थांबवावे.) थिअरी बरीचशी ऑनलाइन होते, म्हणजे पोरे झोपल्यावर. क्लिनिकलची गोष्ट वेगळी. अनुभवी प्रॅक्टिशनरच्या हाताखाली प्रत्यक्ष रोगी तपासण्याचे किमान तास राष्ट्रीय निकषांनी 2022 साली 500 वरून 750 वर नेले. या तासांना सहसा पगार नसतो. उलट फी भरावी लागते. अशा सौद्याला आपल्या मिरची बाजारातला कोणताही व्यापारी उभा राहणार नाही.

घरकामाची वाटणी झाली आहे. शेवभाजी तुमच्या मुलाकडे आहे, कारण ती लवकर होते आणि बिघडली तरी तिखटात लपते. कळण्याची भाकरी अद्याप कोणाकडेच नाही. थोरलीने स्टेथोस्कोप ताब्यात घेतला असून बाहुलीला 'उपाशीपोटी या' असे सांगून परत पाठवले आहे.

आईचा व्हिडिओ कॉल हा या व्यवस्थेचा कणा. भारताची वेळ इथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते, त्यामुळे नंदुरबारचा सकाळचा चहा इथल्या रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी येतो. आई सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांची गोष्ट सांगते तेवढ्यात सुनेचा एक धडा वाचून होतो. सगळे घोडे आजीचेच आहेत, अशी थोरलीची समजूत झाली आहे. ती सत्र संपेपर्यंत दुरुस्त करू नये.

पुढचे सत्र जानेवारीत सुरू होते आणि त्यात क्लिनिकलचे तास सर्वांत जास्त आहेत. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते. तरी आईने डिसेंबरअखेर इकडे यायला निघावे. वर्षाच्या मिरचीची खरेदी आणि वाळवण नानांनी पाहावे. तिखट दळून आणले तरी चालते. कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थाच्या रकान्यात मात्र न विसरता 'हो' लिहावे.