सहा घेतले तर कर नाही

मिसिसागा, रविवार
(कुकर लावलाय, तेवढ्यात लिहितो)

ती. आबा आणि माय,

माय, तुझा घाबराघुबरा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, म्हणून आता सविस्तर. लूनी ही कुणी बाई नाही. ‘बाबाची लूनी अडकली, बाबा ओढत होता’ असं छोट्यानं सांगितलं ते खरं आहे. पण लूनी म्हणजे इथलं एक डॉलरचं नाणं. दुकानातली ढकलगाडी सोडवायला तिच्या फटीत नाणं घालावं लागतं, ते अडकलं. तुझी सून शेजारीच उभी राहून हसत होती. आत्याला कळवून झालं असेल, तर आता हेही कळव.

आबा, नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आहे, आपल्या धरणाच्या फुगवट्यात दिसतात तसा, बुड्या मारणारा. खरं तर तिथं होडी यायची होती. पण १९८६ साली ओटावाहून विनिपेगच्या टाकसाळीकडे निघालेले साचे वाटेतच गहाळ झाले. कुणी खोटी नाणी पाडतील म्हणून सरकारनं चित्रच बदललं आणि १९८७ साली हा पक्षी आला. १९९६ ला दोन डॉलरचं नाणं निघालं. त्यावर पांढरं अस्वल, पण लोक म्हणतात टूनी. सरकारी सामान फक्त जिंतूरच्या वाटेवरच हरवतं असं तुम्ही समजू नका.

आता इथला छळ ऐका. डोनट म्हणजे मधे भोक असलेला गोड वडा. सहापेक्षा कमी घेतले तर तो चैनीचा खाऊ, कर द्या. सहा घेतले की तोच किराणा, कर माफ! आम्ही माणसं तीन. कर भरायचा नाही या हट्टापायी मी सहा आणतो आणि दोन दिवस शिळे डोनट चहात बुडवून संपवतो. हे कुणा वेड्याचं डोकं नाही, कायदा आहे. शिवाय इतर वस्तूंवरच्या चिठ्ठीत कर धरलेलाच नसतो. चिठ्ठीवर १० डॉलर वाचायचे आणि गल्ल्यावर ११ डॉलर ३० सेंट मोजायचे. आपल्या बाजारात घासाघीस केली की भाव उतरतो, इथं न बोलताच चढतो.

एक सेंटचं नाणं २०१३ पासून बँकांना देणंच बंद झालं. रोखीनं द्यायचे तर ११.३२ चे ११.३० होतात, ११.३३ चे ११.३५. तुमचे चाराणेही २०११ च्या जूनअखेर गेले, पण मला ‘चाराण्याची अक्कल नाही’ म्हणणं काही तुम्ही सोडलं नाही.

थांबा, शिट्टी झाली.

हां. तर आजी निजामाच्या हाली रुपयांत हिशेब करायची, सात हालीचे सहा कलदार, आणि त्यात कुणीही तिला फसवू शकायचं नाही. तुम्ही धरणाच्या कामावर ‘नवे पैसे’ मोजले. आम्ही बंदा रुपया मोडायला घाबरायचो. आता जिंतूरचा दलाल बाळूकाकाला प्लॉटचे पंधरा पेटी सांगतो. माय, तू ते फोनवर बोललीस ना, छोट्यानं मला लगेच विचारलं, ‘आजोबा एवढे आंबे कुठं ठेवणार?’ खोक्यांचं मी त्याला सांगितलंच नाही. तिकडच्या राजकारणावर यायची वेळ आली असती.

पार्सल मिळालं. शेंगाची चटणी संपली, कुणी संपवली विचारू नका. ज्वारीचं पीठ जपून वापरतोय. छोट्याच्या पाकिटातले शंभर त्यानं घेतले. वर चिकटवलेला रुपया त्याला कळला नाही, ‘एकच का?’ म्हणाला. शुभ असतं म्हणालो, पुढं काही सांगता येईना. ते पाकीट सोमवारपासून माझ्या कोटाच्या खिशात आहे. मीटिंगमध्ये हात खिशात गेला की वरचा साहेब काय बोलतोय ते ऐकू येत नाही. कोथिंबीर घेतानासुद्धा मी अजून रुपयांत गुणाकार करतो आणि जुडी परत ठेवतो. तुझी सून ती मुकाट्यानं टोपलीत टाकते.

आबा, दलाल तोंडानं पेटी म्हणाला तरी कागदावर लाखच लिहून घ्या, आकड्यात आणि अक्षरी. बाळूकाकाला एकट्याला सहीला पाठवू नका. पमीच्या सोयरिकीत मी पडणार नाही; मुलगा बरा आहे, पण त्याचा मामा आम्हाला शाळेत होता.

तुमचा,
बापू

ता.क. – धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आपल्या मामानं पाठवला, तो मागच्या वर्षीचा आहे, काठावर तुमची जुनी छत्री दिसते. या वर्षी पाणी किती आलं, ते खरं कळवा.