परदेशवापसी : हळ्ळीखेड (बी)करांसाठी नियमावली

मुलगा अमेरिकेत, आईवडील साखर कारखान्याच्या गावात. पर्यटक व्हिसावर तिकडे एका खेपेस साधारण सहा महिनेच राहू देतात, म्हणजे सातव्या महिन्यात गावी परतणे अटळ. जाताना एजंट असतो, व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घेणारा भाचा असतो; परत येताना सांगणारे कुणीच नसते. सबब ही नियमावली.

कलम १ : प्रवेश. शमशाबादला विमान पहाटे उतरले, तर झहीराबाद-हुमनाबाद करत गावात शिरेपर्यंत चांगले उजाडते. हे टाळावे. टपावरच्या बॅगा दिवसाउजेडी उतरल्या की समोरच्या कट्ट्यावर त्यांची मोजणी होते आणि मग प्रत्येक बॅगेचा हिशेब वाटपात द्यावा लागतो. त्यापेक्षा माणिकनगरला माणिकप्रभूंचे दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, अंधार पडल्यावर निघावे. पुण्य पदरात, बॅगा अंधारात.

कलम २ : झोप. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. अंगातले घड्याळ मात्र दिवसाला जेमतेम तासभर सरकते. त्यामुळे पहिला आठवडा रात्री दोनला टक्क जाग येणार. त्या वेळी डबे घासायला काढू नयेत. शेजारी काठ्या घेऊन येतात. दिवसा उन्हात बसावे आणि दुपारी डोळा लागू देऊ नये. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, भेटायला येणारे समर्थ आहेत.

कलम ३ : बोलणे. मराठीत "कधी आलात?", कन्नडात "यावाग बंद्री?", दखनीत "कब आए?" असा एकच प्रश्न येत राहील. ज्या भाषेत प्रश्न, त्याच भाषेत उत्तर द्यावे. "तिकडे..." अशी सुरुवात असलेले वाक्य एका बैठकीत एकच. चहाचे पैसे देताना डॉलरचा गुणाकार मनातल्या मनात करावा. धुळीबद्दल तक्रार असल्यास उसाच्या ट्रॅक्टरमागून चालत करावी. तोंड आपोआप मिटते.

कलम ४ : चावी. घराची चावी ज्या अक्कांकडे होती, त्यांना वाटपात पहिला मान. तुळस त्यांनी जगवली आहे. पिंपातल्या ज्वारीत टोके झाले असतील तर ती मुकाट्याने गच्चीवर उन्हात पसरावी. "एवढे किडे झालेच कसे?" हे अक्कांच्या देखत विचारल्यास पुढच्या वेळी चावी सोबत न्यावी लागेल.

कलम ५ : उपकरणे. सुनेने प्रेमाने दिलेला टोस्टर १२० व्होल्टवर चालणारा, आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची. अ‍ॅडॉप्टरने पिन बसते, व्होल्ट कमी होत नाहीत. कडक भाकरी त्यात मऊ होते का हे पाहायला जमलेल्या मंडळींसमोर प्रयोग करू नये. टोस्टर शोकेसमध्ये ठेवावा. तिथे तो वर्षानुवर्षे उत्तम चालतो.

कलम ६ : हयाती. तुम्ही परतलात हे गावाला पटले, तरी पेन्शन खात्याला तुम्ही जिवंत आहात हे पटायचे असते. त्यासाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला आहे. नातवंडांमागे सहा महिने भांडी विसळून बोटांचे ठसे उमटेनासे झाले असतील, तर चेहरा दाखवूनही काम होते. चेहरा ताजा लागतो, नायगाऱ्यापुढे काढलेला फोटो दाखवू नये.

कलम ७ : पूर्तता. वेळ अमावस्येला कुणी शेतात बोलावले तर जावे. कडब्याच्या कोपीपुढे मांडी घालून भज्जी, उंडे आणि आंबील घ्यावे. आंबील आधी हुंगून पाहू नये, सगळ्यांचे लक्ष तुमच्याकडेच असते. बाटलीतले पाणी काढल्यास कलम १ पासून पुन्हा सुरुवात.

अंतिम तपासणी जत्रेच्या वर्गणीला होते. पोरांनी "काका, अमेरिका रिटर्न तुम्ही, पाच हजार लिहू का?" म्हटले तर अजून महिनाभर उन्हात बसावे. न विचारता १०१ ची पावती फाडली, की ही नियमावली पुढच्या गल्लीत देऊन टाकावी. तिथल्या मंडळींचा व्हिसा आला आहे म्हणतात.