पिस्तुलाने पाडलेला उजेड

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला; अंधाराचा बंदोबस्त मात्र नागरिकांवर सोपवला. पिस्तुलाच्या नळीखाली बसवायच्या 1000 ल्युमेनच्या दिव्याने ती उणीव भरून निघाली, हे अभिनंदनीय आहे. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड झाली, की यजमानांनी नळी तिकडे रोखावी, दिवा लावावा आणि मग समोर चोर आहे की फ्रीज उघडून दूध पिणारे चिरंजीव, हे सावकाश ठरवावे. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्यावर नळी रोखू नये, असा तिथल्याच बंदूकवाल्यांचा जुना नियम आहे. पण माणूस दिसल्याशिवाय नियम पाळायचा तरी कसा? दिव्याचे बटणही ट्रिगरच्या जरासेच पुढे ठेवले आहे. अर्धवट झोपेतल्या बोटांची केवढी सोय! याच धर्तीवर दारावरची बेल आणि बाळाच्या खोलीतला झिरोचा बल्बही बंदुकीलाच जोडावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

ताजा कलम : 60 वॉटचा साधा बल्ब सुमारे 800 ल्युमेन उजेड देतो आणि त्याचे बटण भिंतीवर असते. उरलेल्या 200 ल्युमेनसाठी मात्र पिस्तूलच लागते.