डेक नऊचे सेक्रेटरी

प्रशांत महासागराच्या मधोमध, जिथून कुठलाही किनारा किमान दोन दिवस लांब असतो, तिथे सकाळी सहाला केबिनमधला नळ सोडून पाण्याचा जोर तपासणारा माणूस हाडाचा सेक्रेटरी समजावा. नोकरीतून त्याला सरकार निवृत्त करतं. गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीपदावरून मात्र त्याला कोणीच निवृत्त करत नाही. कमिटीची मुदत पाच वर्षांची असते, पण पाच वर्षांनी दुसरं कुणी उभंच राहत नाही.

आमचे सासरे, अण्णा, डोंबिवली पूर्वेच्या दोन विंगच्या सोसायटीचे असे सेक्रेटरी. सकाळी पंप, दुपारी थकबाकीदार, संध्याकाळी पार्किंग आणि रात्री साडेदहाला ‘बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गळतंय’ म्हणून वाजणारी बेल, असा त्यांचा दिनक्रम. एप्रिलात ते आणि आई, म्हणजे सासूबाई, आमच्याकडे सॅन होजेला आले, तेव्हा माझ्या बायकोने, मंजिरीने, ठरवलं की या वेळी बाबांना खरीखुरी विश्रांती द्यायची. जायचं हवाईला. होनोलुलूला विमान साडेपाच तासांत पोचवतं, पण तिने मुद्दाम सॅन फ्रान्सिस्कोहून निघणारं जहाज निवडलं. सुमारे २,१०० सागरी मैल, वाटेत एकही बंदर नाही, चार-साडेचार दिवस नुसतं पाणी. या दिवसांना जहाजावर ‘सी डे’ म्हणतात. सी डेला खाणं, झोपणं आणि क्षितिजाकडे बघणं, एवढंच करायचं असतं. अण्णांना यातलं पहिलं जमत होतं.

तिकीट हातात आल्याबरोबर त्यांनी पहिली हरकत नोंदवली. “जावईबापू, जाऊन येऊन अमेरिकाच, मग परतताना मेक्सिकोतलं एन्सेनाडा कशाला?” मी कारण सांगितलं. १८८६चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहून नेता येत नाहीत. फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपणार असली, तरी वाटेत एखाद्या परदेशी बंदराला पाय लावावाच लागतो. अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे नुसतं शिक्क्यासाठी जायचं. आपल्या उपनिबंधकांच्या ऑफिसासारखं!” त्या क्षणापासून अमेरिकेबद्दलचा त्यांचा आदर दुणावला. आपला सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा. हे लोक १८८६चा सांभाळून आहेत म्हणजे गंमत नाही.

जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली ‘हॅमिल्टन’ लिहिलेलं होतं. हॅमिल्टन म्हणजे बर्म्युडाची राजधानी. अण्णा धक्क्यावरच थबकले. “मालक अमेरिकेत, बांधकाम इटलीत, नोंदणी बर्म्युडात, राहणारे जगभरचे. मग कन्व्हेयन्स कुणाच्या नावावर?” मागे अडीच हजार माणसांची रांग होती. मंजिरीने त्यांच्या पाठीवर हळूच हात ठेवून त्यांना पुढे सरकवलं.

सुटण्याआधी आपत्कालीन कवायत झाली. पूर्वी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून ओळीत उभं करत. आता बऱ्याच जहाजांवर माहितीचा व्हिडिओ बघायचा, नेमलेल्या जागी जायचं आणि कार्ड टेकवायचं, की हजेरी लागते. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. “सही नाही, काही नाही. उद्या कुणी म्हणाला मी आलोच नव्हतो, तर?” त्यांनी तिथल्या फिलिपिनो मुलाकडे हजेरीपत्रक मागितलं. त्याने हसून त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या बारचा नकाशा दिला.

पहिल्या सी डेला आम्ही उठायच्या आत अण्णांनी इमारतीची पाहणी संपवली होती. न्याहारीला त्यांनी अहवाल सादर केला. बाराव्या डेकनंतर एकदम चौदावा आहे. “तेरावा अनधिकृत ठरवून पाडलेला दिसतो.” लिफ्टमधला गालिचा रोज मध्यरात्री बदलतात आणि त्यावर वाराचं नाव विणलेलं असतं, कारण समुद्रात माणसं वार विसरतात. “आमच्याकडे लिफ्ट चालू आहे की बंद, एवढं लिहिलं तरी पुरे.” पाण्याची माहिती त्यांनी शेवटी राखून ठेवली होती. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून आणि पडद्यातून गाळून जहाज स्वतःचं गोडं पाणी स्वतः बनवतं. “टँकर नाही, कपात नाही, चोवीस तास! आणि सगळं खारं पाणी फुकट!” असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावले. डोंबिवलीच्या माणसाने पाण्याविषयी हळवं होणं मी समजू शकतो.

वर्षानुवर्षं ज्याने पंप चालू केला, त्याला पंपाशिवाय पाणी आलेलं बघवत नाही, ही खरी अडचण. जहाजावर प्रत्येक गोष्ट आधीच कुणीतरी केलेली होती. दिवे लागलेले, जिने पुसलेले, कचरा उचललेला. अण्णा बफेच्या दारात हात धुण्याच्या नळाजवळ जाऊन उभे राहिले. तिथे एक मुलगी प्रवाशांना हात धुवायची आठवण करत होती. तिच्या शेजारी उभं राहून अण्णांनी, न धुता आत शिरणाऱ्या सहा फुटी टेक्सनांना दोन्ही हात जोडून परत पाठवायला सुरुवात केली. पोटाची साथ जहाजावर वाऱ्यासारखी पसरते, त्यामुळे त्या मुलीलाही आनंदच झाला. दुपारपर्यंत लोक अण्णांना कर्मचारी समजून अंड्यांची चौकशी करू लागले.

आई मात्र पहिल्या दिवशीच विसावली. ती न्याहारीनंतर लाकडी डेकवरच्या खुर्चीत आडवी झाली, पायावर शाल घेतली आणि तासभर कुणाशी बोलली नाही. दुपारी उठून जेवली आणि परत येऊन झोपली. केबिनमध्ये विजेची किटली आणायला बंदी असते, आणि बफेतला चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी, एवढीच तिची तक्रार. ती तिने कुठे नोंदवली नाही. भटारखान्यातला साष्टीकडचा एक तारवटी, म्हणजे गोव्याचा जहाजी, तिच्याशी दोन शब्द बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजता आलं घातलेला चहा तिच्या खुर्चीपाशी येऊ लागला. अण्णांनी ‘कुठल्या नियमाखाली?’ असं विचारलं, तेव्हा तिने त्यांच्याही हातात कप दिला. नियम तिथेच संपला.

खुर्च्यांवरून पेटायचं ते दुसऱ्या दिवशी पेटलं. तरणतलावाभोवतीच्या खुर्च्यांवर लोक सकाळी सातला टॉवेल टाकून जातात आणि उगवतात अकराला. वर्षानुवर्षं पार्किंगच्या जागेत कुंड्या आणि मोडकी सायकल ठेवून हक्क सांगणाऱ्यांशी अण्णांनी लढा दिलेला. त्यांना हा प्रकार ओळखायला क्षणही लागला नाही. “अतिक्रमण!” त्यांनी वहीत खुर्च्यांचा आराखडा काढला, टॉवेल कधी पडले त्या वेळा लिहिल्या. आमच्या नऊ वर्षांच्या इराला साक्षीदार नेमलं. ती तीन वाजेपर्यंत टिकली, मग आइस्क्रीमच्या काउंटरवर फितूर झाली.

रोज दुपारी बाराला कप्तान लाउडस्पीकरवरून बोलायचा. अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग, खाली पाणी किती खोल. तो आकडा पाच हजार मीटरच्या आसपास गेला की लोक पेला टेबलावर ठेवून खाली बघायचे. अण्णा उभं राहून सगळं टिपून घेत. आमच्या केबिनमध्ये जहाजाचं इतिवृत्त तयार होत होतं. त्यात ‘मागील बैठकीचा वृत्तांत वाचून कायम करणे’ हाही विषय असे, आणि तो कायम करायला अनुमोदक म्हणून मला उठवलं जाई.

पश्चिमेला जाताना रात्री घड्याळं मागे घ्यावी लागतात. एप्रिलात कॅलिफोर्निया आणि हवाईत तीन तासांचं अंतर असतं, म्हणून तीन रात्री एकेक तास मागे. तीन दिवस पंचवीस तासांचे! मंजिरीला वाटलं, विश्रांतीला तीन तास जास्त मिळाले. अण्णांनी ते तीन तास जमेला लिहिले आणि परतीला वजा होतील, अशी नोंद केली.

तिसऱ्या दिवशी डेक नऊच्या डाव्या बाजूच्या प्रत्येक केबिनच्या दाराबाहेर एक कागद सापडला. अण्णांनी रात्री जागून तो इंग्रजीत लिहिला होता, पण त्या इंग्रजीतून ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ स्पष्ट ऐकू येत होतं. सकाळी साडेदहा, पत्ते खेळायची खोली. विषय पहिला, खुर्च्या. विषय दुसरा, टॉवेल. विषय तिसरा, ऐनवेळी येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.

मी लाजेने गेलो नव्हतो. इराने येऊन सांगितलं ते असं. साडेदहाला चार जण जमले. कॅनडातल्या व्हिक्टोरियाचं एक म्हातारं जोडपं, बिंगो कुठे आहे ते शोधणाऱ्या एक आजी आणि सॅक्रामेंटोच्या एक बाई, ज्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. कोरम नव्हता. अण्णांनी सभा नियमानुसार अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासाने तीच चार माणसं, त्याच खुर्च्यांवर, त्याच खोलीत, आणि आता मात्र सभा कायदेशीर! कॅनडाचे आजोबा म्हणाले, एवढी शहाणी तरतूद त्यांच्या पार्लमेंटमध्येही नाही.

मग सॅक्रामेंटोच्या बाईंनी आपल्या पर्समधून वही काढली. त्या त्यांच्या तिकडच्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, अध्यक्ष निघाल्या. पुढे काय झालं ते मी स्वतः पाहिलं, कारण जेवायची वेळ टळली म्हणून मंजिरीने मला बोलवायला पाठवलं. अण्णांचं इंग्रजी बेताचं, बाईंचं कॅलिफोर्नियाचं. पण गळती, थकबाकी, कुत्री, वरच्या मजल्यावरचा आवाज आणि ‘मी मेंटेनन्स भरतो म्हणजे उपकार करतो’ असं वागणारे सभासद, यांना भाषा लागत नाही. बाईंनी आवाज चढवून आपल्याकडच्या एका थकबाकीदाराची नक्कल केली. अण्णा टेबलावर हात आपटून हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा पाठ टेकून बसलेलं पाहिलं. टॉवेलचा विषय निघालाच नाही. समोर खिडकीतून अख्खा प्रशांत महासागर जात होता आणि दोघांची पाठ त्याच्याकडे होती.

त्या दुपारी मला मंजिरीच्या योजनेतली चूक कळली. आपण समजतो, काम काढून घेतलं की माणूस विसावतो. सेक्रेटरी मंडळी काम काढून घेतलं की कासावीस होतात. त्यांना विश्रांती म्हणजे आपल्यासारखंच दुसरं कुणीतरी भेटणं आणि त्याच्याकडची गळती आपल्यापेक्षा मोठी निघणं.

हवाईतल्या हिलो बंदराला जहाज लागलं आणि फोनला रेंज आली. आम्ही ज्वालामुखी बघायला उतरायच्या घाईत, आणि अण्णा धक्क्यावर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाचत उभे. टाक्या धुऊन झाल्या होत्या. पंप वेळेवर चालू होता. बी विंगचं गळणं खजिनदाराने प्लंबर आणून थांबवलं होतं. दोन थकबाकीदारांनी आपण होऊन पैसे भरले होते. अण्णा मोबाइल खिशात ठेवून बराच वेळ गप्प होते. “काही वाईट बातमी?” मी विचारलं. “हो,” ते म्हणाले. “सगळं व्यवस्थित आहे.”

परतीचे तीन दिवस तेवीस तासांचे होते, आणि अण्णांना ते कमी पडले. हवाईच्या फेऱ्यांवर प्रवाशांना उकुलेले वाजवायला शिकवतात. अण्णा त्या वर्गाला जाऊ लागले, वाजवायला नव्हे, वाद्यं मोजून द्यायला आणि मोजून परत घ्यायला. सॅक्रामेंटोच्या बाई यादीवर खूण करत. शिक्षिका बिचारी आधी गोंधळली, मग तिला इतकं सोपं वाटायला लागलं की ती वर्ग सुरू करण्याआधी दारात अण्णांची वाट बघायची.

त्यातच एका सकाळी कर्मचारी खुर्च्यांवरचे बेवारस टॉवेल चाळीस मिनिटं मोजून उचलताना दिसले. डेक नऊभर बातमी पसरली. कॅनडाच्या आजोबांनी अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. खरं म्हणजे हा नियम केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसापासून छापलेला होता. ती पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी घरात एकटी आई. ती मला म्हणाली, “त्यांना काही सांगू नका हं.”

एन्सेनाडाला शिक्का बसला आणि शेवटचा सी डे उरला. रात्री जेवताना अण्णांनी डोंबिवलीचा विषय स्वतःच काढला. “मी नसताना सगळं नीट चाललं, याचा अर्थ मी घालून दिलेली शिस्त चालली.”

“मग शिस्तीलाच चालू दे आणखी पाच वर्षं,” आई म्हणाली. “पुढच्या वर्षी मंजिरी आपल्याला अलास्काच्या बोटीवर नेणार आहे.”

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

“अलास्का नको. तिथे रोज कुठलं ना कुठलं बंदर लागतं, माणसं उतरून फिरायला जातात. सी डे जेमतेम दोन-तीन. कामाला वेळच मिळत नाही.”