काळ्या पाण्यावर, एकाच डब्यात

"कुठे राहता?"
"कोपरला."
"म्हणजे घाटकोपर?"
"नाही."
"मग कोपरखैरणे?"
"नाही हो. नुसतं कोपर."

यानंतर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की जणू मी पत्ता देताना अर्धा गिळलाय. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधे आमचं स्टेशन आहे. खाली मेन लाइन, वर दिवा-वसई, म्हणजे चांगलं दुमजली स्टेशन. तरी फास्ट गाडी आमच्यासाठी थांबत नाही. ती इतक्या जोरात निघून जाते, की बोर्डावरचं नावसुद्धा आतल्या माणसाला पुरतं वाचता येत नाही.

अशा गावच्या माणसाने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अंदमानला जावं, ही कल्पना मुलांची. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा अकरावीत. दोघांनी मिळून 'सरप्राइज' ठरवलं. सरप्राइज त्यांचं, ओटीपी माझ्या फोनवर. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, ही म्हण आमच्या घरात कोणी शिकवलेली दिसत नाही.

"आपण चौघंही जाऊ ना," मी म्हटलं.

"बाबा, अ‍ॅनिव्हर्सरी तुमची आहे," मुलगी म्हणाली. मुलगा काही बोलला नाही. तो फोनवर मित्रांची यादी करत होता.

आता एक कबुली. बायकोबरोबर सात दिवस एकटं राहायचं, या विचाराने मला थोडी धडकी भरली. कारण भांडण नव्हे. कारण लोकल. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही रोज सकाळी घरातून एकत्र निघतो, एकत्र जिना चढतो-उतरतो आणि प्लॅटफॉर्मवर आलो की ती लेडीजच्या डब्याकडे वळते, मी जनरलच्या. सात चौतीसची स्लो. ती दादरला उतरते, मी मशीदला. एकाच गाडीने, एकाच वेळी, एकाच दिशेने आम्ही पंचवीस वर्षं वेगवेगळे गेलो आहोत. संध्याकाळी घरी पोचायला साडेआठ. मग जेवण, दूधवाल्याचे पैसे, सोसायटीचा मेंटेनन्स, उद्याची भाजी. दिवसाला बोलणं साधारण चाळीस मिनिटं. त्यात कुकरच्या शिट्ट्या धरलेल्या आहेत.

विमानात आम्ही शेजारी-शेजारी बसलो, तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. ती म्हणाली, "तुम्ही प्रवासात तोंड उघडं टाकून झोपता?" पंचवीस वर्षांनी ही माहिती तिला पहिल्यांदाच मिळत होती.

उतरलो ते वीर सावरकर विमानतळावर. गाव पोर्ट ब्लेअर, पण 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम. दुसऱ्या दिवशी बोटीने गेलो ते हॅवलॉकला, पण 2018 पासून ते स्वराज द्वीप. शेजारचं नील ते शहीद द्वीप, आणि रॉसला आता नेताजींचं नाव. आमचा टॅक्सीवाला मात्र सरळ "हॅवलॉक, नील, रॉस" म्हणत होता. मी त्याला दुरुस्त करायला गेलो तर बायको म्हणाली, "राहू द्या. माझंही नाव तुम्ही लग्नात बदललं होतं. माहेरी अजून कोणी वापरत नाही."

आता या वाक्यावर काय बोलायचं? मी खिडकीबाहेर नारळ मोजत बसलो.

खरी परीक्षा संध्याकाळी. संध्याकाळ तरी कसली, पाचला सूर्य बुडाला! अंदमान मुंबईच्या पूर्वेला वीस रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ऐंशी मिनिटं आधी माथ्यावर येतो; पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. त्यामुळे डिसेंबरात सव्वापाचलाच काळोख दाटायला लागतो. आमची झोपायची वेळ अकरा. हातात पावणेसहा तास, आणि रोजचा साठा चाळीस मिनिटांचा.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे विषय काढले. सोसायटीचं रीडेव्हलपमेंट, वरच्या मजल्यावरची गळती, मुलीची नोकरी, माझी शुगर. सहा वाजून पाच मिनिटांनी साठा संपला. समुद्र आपला गाजत होता. त्याला विषय लागत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "आई, वायफायचा पासवर्ड काय गं?"

या फोनमागे केवढा खटाटोप आहे, ते मुलाला कुठून माहीत असणार! चेन्नईहून समुद्राच्या तळाशी 2,300 किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल टाकली, ऑगस्ट 2020 मध्ये ती सुरू झाली आणि आता हॅवलॉकलासुद्धा चांगलं नेटवर्क मिळतं. एवढी केबल प्रवाळ, मासे आणि काळोख ओलांडून गेली, ती "बाबा, पाण्याची मोटर कुठल्या बटणाने चालू होते?" हे विचारायला. पासवर्ड, मोटर, मॅगीचा मसाला, कामवाल्या मावशींची सुट्टी. केबल टाकणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, पण त्यांनी ती आठवडाभर बंद ठेवली असती तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर होतो. 'टाइम' मासिकाने 2004 मध्ये आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हणून गौरवलेला. पांढरी वाळू, मागे उंच झाडी, समोर पाण्याचे तीन-चार निळे. झाडाखाली एक लांबलचक बाकडं रिकामं होतं. आम्ही बसलो. पाच मिनिटांनी बायको हसायला लागली. मी त्या अख्ख्या बाकड्याच्या टोकाला, अर्ध्या बुडावर, एक पाय बाहेर टेकवून बसलो होतो. लोकलमधली चौथी सीट! समोर आशियातला सर्वांत सुंदर किनारा आणि मी शरीराने मुंब्र्याच्या आसपास.

"सरका की आत," ती म्हणाली. "इथे कोणी चढणार नाहीये."

मी सरकलो. मग तीच बोलायला लागली. डब्यातलं. आणि मला कळलं, की त्या लेडीज डब्यात माझ्या बायकोचा दुसरा संसार आहे. तिथे सकाळी गवार निवडली जाते, संक्रांतीला हळदीकुंकू होतं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तोरण लागतं. ते ऐकून होतो. आमच्याही डब्यात भजन आहे, मी त्यात टाळ धरतो. पण तिच्या डब्यात कोणाच्या सासूचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाचा घटस्फोट, कोणाचं व्हीआरएस, सगळं कळव्याच्या आत ऐकून ठाण्याला निकाली निघतं. माझा मुलगा आठवीत गणितात नापास झाला, ते मला समजलं त्याच्या दोन दिवस आधी त्या डब्याला समजलं होतं. शिकवणी कोणाची लावायची हेही तिथेच ठरलं होतं. मी घरी गंभीर चेहरा करून दोन दिवस विचार केला आणि तोच निर्णय दिला होता.

"आणखी काय काय ठरलंय तिथे?"

ती जरा थांबली. "मुलीचं नाव."

"ते तर ताईने ठेवलं! बारशाला पाळण्यात आत्यानेच सांगितलं!"

"सांगितलं त्यांनीच. पण त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलं? अंबरनाथच्या एक बाई होत्या. सातव्या महिन्यात मला रोज जागा द्यायच्या. त्यांनी सुचवलं."

वीस वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत आलोय, की आमच्याकडे नाव परंपरेप्रमाणे आत्याने ठेवलं. आणि त्या डब्यात बायकोला हाक कोणत्या नावाने मारतात? माहेरच्या.

मिट्ट काळोख झाला, तरी आम्ही बसलो होतो. फोन दोनदा वाजला. कोणी उचलला नाही.

शेवटच्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. मराठी माणूस अंदमानला जाऊन ते न पाहता परतला, तर त्याला डोंबिवलीत घेणार नाहीत. मधे मनोरा आणि त्याला फुटलेल्या सात इमारती. त्यातल्या तीन आता उरल्या आहेत. सावरकरांनी 'माझी जन्मठेप'मध्ये त्यांना चाळी म्हटलंय. एका चाळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात आणि बराच काळ भेट नाही. माझ्या जिभेवर लोकलच्या डब्यांचा विनोद आला होता. तो मी गिळला, आणि बरं झालं. कारण बायको कोठडीच्या गजांना हात लावून म्हणाली, "येसूवहिनींना यायचं होतं ना इथे?"

बाबारावांच्या पत्नी. नवऱ्याची भेट व्हावी म्हणून त्या वर्षानुवर्षं परवानगीची वाट पाहत राहिल्या आणि ती मिळण्याआधीच 1919 मध्ये गेल्या. त्याच वर्षी तात्यारावांच्या पत्नी माई अंदमानला येऊ शकल्या. हे मी शाळेत वाचलं असणार. पण परीक्षेला विचारत नाहीत म्हणून सोडून दिलं असणार. आम्ही ओटीपी देऊन आलो होतो. बाहेर येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही, आणि या वेळी विषय संपला म्हणून नव्हे.

परतीचं विमान वेळेवर आलं. मुलीने बजावून सांगितलं होतं, की टॅक्सी करा. पण विमानतळ ते कोपर टॅक्सीचं भाडं ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं, रिक्षाने घाटकोपर गाठलं आणि दोन बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. इंडिकेटरवर स्लो लागली होती.

"मी जाते पुढे," ती म्हणाली. "कोपरला जिन्याखाली भेटू." छोटी बॅग उचलून ती चालायलाही लागली. मी मागून तिला हाक मारली, माहेरच्या नावाने. लेडीजच्या डब्यासाठी उभ्या असलेल्या चार बायकांनी वळून पाहिलं. सगळ्यांत शेवटी तिने.

"ओरडता काय? गाडी आली," ती म्हणाली.

तिला मुलुंडला बसायला मिळालं. मला दिव्याला.